गोष्ट वाक्यात घडते

‘आजी रोज संध्याकाळी ओट्यावर बसायची. त्या दिवशी बसली नाही.’

सातवी-आठवीच्या वर्गात फळ्यावर ही दोन वाक्यं लिहावीत आणि पुढे काय झालं असेल असं विचारावं. मुलं लगेच बोलू लागतात. आजी आजारी पडली असेल, सुनेशी भांडली असेल, ओट्यावर दुसरंच कुणी येऊन बसलं असेल. आता दुसरं वाक्य पुसून तिथे ‘ती माळ ओढायची’ असं लिहावं. मुलांना काही सुचेनासं होतं. वाक्य बिनचूक आहे, आजीबद्दलची माहितीही वाढली आहे, पण घडलं काहीच नाही. ‘बसायची’, ‘ओढायची’ ही रीत सांगणारी रूपं. ‘बसली नाही’ ही एका दिवसाची घटना. रीत मोडते तिथे गोष्ट सुरू होते आणि ती मोडल्याचं मराठी वाचकाला कळतं ते क्रियापदाच्या रूपावरून.

आपल्या शाळांत ‘रीती भूतकाळ’ व्याकरणाच्या तासाला तक्त्यातून येतो आणि कथेची सुरुवात निबंधाच्या तासाला येते. एकाच कामाच्या या दोन बाजू आहेत हे मुलांपर्यंत पोचतच नाही. व्याकरणात वाक्याचा प्रकार ओळखायचा, प्रयोग ओळखायचा, काळ बदलून लिहायचा. लेखनात प्रसंग, आत्मकथन, वैचारिक यांतला एखादा विषय निवडायचा आणि बाजारातल्या निबंधांच्या पुस्तकातून पाठ केलेली सूर्यास्ताची वाक्यं उतरवायची. व्याकरणाचा उपयोग काय, हे पहिल्या तासाला कळत नाही आणि लेखनाला हत्यार कुठलं, हे दुसऱ्या तासाला. माझं म्हणणं असं की वाक्यरचना आणि सर्जनशील लेखन एकाच तासात, एकाच वाक्यावर शिकवावं. मराठी त्यासाठी फार सोयीची भाषा आहे.

व्याकरणाच्या अभ्यासाची आपल्याकडे उणीव नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ साली छापलं गेलं आणि मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आलं. मराठी वाक्य कसं उभं राहतं याचा तपशील त्यांत आणि त्यांच्या आधाराने लिहिलेल्या शालेय पुस्तकांत भरपूर आहे. उणीव आहे ती ‘हे रूप निवडलं तर वाचकाला काय होतं?’ या प्रश्नाची.

क्रियापदापासूनच सुरुवात करू. मराठीत ते शेवटी येतं, ही सवय जुनी आणि पक्की आहे. मोडी लिहिताना आधी ओळभर रेघ ओढत आणि तिच्याखाली अक्षरं सलग लिहीत जात. शब्दांत अंतर नसे, पूर्णविराम नसे. तरी वाचणाऱ्याला वाक्य कुठे संपलं ते कळे, कारण क्रियापद आलं की वाक्य मिटलं. आजची विरामचिन्हं छापखान्याच्या काळात, एकोणिसाव्या शतकात रुळली आणि त्यात मेजर थॉमस कँडींचा वाटा मोठा होता. म्हणजे मराठी वाचक शेकडो वर्षं वाक्याच्या शेवटाकडे कान लावून बसलेला आहे. ‘दाजींनी खिशातून घडी केलेला कागद काढला, चष्मा पुसला, कागद उलगडला आणि फाडला.’ इथे ‘फाडला’ येईपर्यंत वाचकाला वाटतं, ते आता वाचणार. मुलांना अशी वाक्यं शेवटचं क्रियापद झाकून द्यावीत आणि पाच-सहा वेगवेगळी क्रियापदं सुचवायला सांगावीत. वाचला, चावला, देवापुढे ठेवला, चुलीत घातला. दर क्रियापदाबरोबर दाजी बदलतात. पात्रचित्रण म्हणून जे शिकवायचं असतं त्याचा मोठा भाग इथेच हाती लागतो.

क्रियापदाची जागा पक्की असली तरी बाकीचे शब्द बरेच मोकळे आहेत. ने, ला, चा, त हे प्रत्यय शब्दाचं नातं सांगतात, त्यामुळे शब्द हलवला तरी कोण कुणाला मारतो याचा घोळ होत नाही. मग हलवण्याने काय होतं? ‘बाबांनी सायकल आणली’ आणि ‘सायकल बाबांनी आणली’ ही वाक्यं मोठ्याने वाचून पाहावीत. पहिलं ‘काय आणलं?’ याचं उत्तर देतं, दुसरं ‘कुणी आणली?’ याचं. मराठीत क्रियापदाच्या लगेच आधीची जागा महत्त्वाची. सांगायचा मुद्दा तिथे जाऊन बसतो. आणि ‘आणली एकदाची बाबांनी सायकल!’ असं क्रियापदच पुढे ओढलं तर तीन महिन्यांची वाट पाहणं त्यात ऐकू येतं.

याच्याच शेजारी ‘च’ शिकवावा. ‘मी काल शाळेत डबा विसरलो’ हे साधं वाक्य घ्यावं आणि ‘च’ एकेका शब्दाला लावत जावं. मीच काल शाळेत डबा विसरलो. मी कालच शाळेत डबा विसरलो. मी काल शाळेतच डबा विसरलो. मी काल शाळेत डबाच विसरलो. आता मुलांना प्रत्येक वाक्याच्या आधीचं, समोरच्या माणसाचं वाक्य लिहायला सांगावं. ‘मीच’ म्हणणाऱ्याच्या आधी कुणीतरी धाकट्या बहिणीला रागावलेलं असतं आणि भाऊ दोष स्वतःकडे घेतोय. ‘शाळेतच’ म्हणतो त्याची आई रिक्षावाल्याला फोन लावायला निघालेली असते. ‘डबाच’मध्ये घरी पोचल्यावर लक्षात आलेली धांदल आहे. संवादलेखनाचे नियम सांगण्याआधी हा एक तास घ्यावा, कारण संवाद म्हणजे दोन माणसांच्या गरजा एकमेकींवर आदळणं, आणि ती गरज कुठल्या शब्दात आहे ते ‘च’ दाखवून देतो.

प्रयोगाचा धडा मुलांना सगळ्यांत नकोसा वाटतो. कर्तरी, कर्मणी, भावे ही नावं पाठ होतात, पण क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं की कर्माप्रमाणे याचं पुढे काय करायचं ते उमगत नाही. तिथे फुटलेला कप ठेवावा. ‘मी कप फोडला.’ ‘माझ्याकडून कप फुटला.’ ‘कप फुटला.’ घटना एक, बोलणारी माणसं तीन. पहिलं कबूल करतं, दुसरं कबूल करताना क्षमा मागतं, तिसरं खोलीत कुणी नव्हतंच असं भासवतं. फुटणं-फोडणं, पडणं-पाडणं, तुटणं-तोडणं, जळणं-जाळणं अशा जोड्या मराठीत मुबलक आहेत. ‘झाड पडलं’ आणि ‘झाड पाडलं’ यांत एका काना-मात्रेचा फरक आहे, पण दुसऱ्या वाक्यात कुऱ्हाड आहे, ती धरणारा हात आहे आणि त्याला काम सांगणारा कुणीतरी आहे. वर्तमानपत्रातली एखादी बातमी घेऊन त्यात कोण कोण दिसेनासं झालंय ते मुलांना शोधू द्यावं. निवेदक काय दाखवतो आणि काय लपवतो, हा कथेतला अवघड विषय असा हाताशी येतो.

भावनांच्या बाबतीत तर मराठीची रचना लिहिणाऱ्याला मोठी मदत करते. आपण रागावतो खरे, पण त्याहून जास्त वेळा आपल्याला राग येतो. भूक लागते, हसू फुटतं, रडू कोसळतं, पोटात गोळा येतो. या वाक्यांत माणसाला ‘ला’ लागलेला असतो आणि भावना कर्त्याच्या जागी असते. ती येते, कोसळते, फुटते, आणि माणूस तिच्यापुढे उभा असतो. मुलांच्या वहीत मात्र ‘मी खूप दुःखी झालो’, ‘मी अतिशय आनंदी झालो’ अशी वाक्यं रांगेने दिसतात. घरी कुणी असं बोलत नाही. घरचं वाक्य वहीत येऊ दिलं की लेखन तिथल्या तिथे सुधारतं. आणखी एक रूप मुद्दाम शिकवण्यासारखं आहे. ‘आजी जिना चढली नाही’, ‘आजीला जिना चढता आला नाही’, ‘आजीला जिना चढवेना’. पहिल्यात तिची मर्जी असू शकते. दुसऱ्यात अडचण बाहेरची असेल, जिन्यात सामान असेल. तिसऱ्यात शरीर नाही म्हणतंय. ‘चढवेना’, ‘बोलवेना’, ‘पाहवेना’ या रूपांपाशी करुणा आयती उभी आहे, त्यासाठी ‘बिचारी’ हा शब्द लिहावा लागत नाही. विशेषणं कमी वापरा असं आपण मुलांना सांगतो, पण त्यांच्या जागी काय वापरायचं ते सांगत नाही. त्याचं एक उत्तर ही रूपं आहेत.

संयुक्त क्रियापदंही अशीच. गुपित सांगितलं, सांगून टाकलं, सांगून बसला, सांगून ठेवलं. ‘टाकलं’मध्ये सुटका आहे, ‘बसला’मध्ये पस्तावा, ‘ठेवलं’मध्ये पुढची तजवीज. व्याकरणाचा धडा म्हणून ही यादी दोन मिनिटांत संपते. गोष्टीचा धडा म्हणून ती आठवडाभर पुरते, कारण प्रत्येक रूपापुढे ‘का?’ विचारता येतं.

आता लांबीचा प्रश्न. लहान मुलांची गोष्ट ‘मग’वर चालते: मग आम्ही गेलो, मग आम्ही खाल्लं, मग पाऊस आला. शिक्षक त्यावर ‘वाक्यं जोडा’ असा शेरा देतात, पण जोडायची कशी ते दाखवायला हवं. अमेरिकेत स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ साली चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनशिक्षणावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. सुटं, लेखनापासून तोडलेलं व्याकरण शिकवून लेखन सुधारत नाही आणि छोटी वाक्यं जोडून मोठी करण्याचा सराव मात्र उपयोगी पडतो, असं त्यात दिसलं. तो आढावा मुख्यतः इंग्रजी लेखनाचा होता, म्हणून तिथली उदाहरणं उचलून आणण्यात अर्थ नाही. जोडणीची साधनं आपली वेगळी आहेत आणि ती अधिक आहेत: ऊन, ताना, ल्यावर, णारा, लेला, जो-तो, तसा, तर.

समजा मुलाने लिहिलं: ‘पाऊस आला. आम्ही पळालो. शाळेच्या पडवीत थांबलो. पडवी गळत होती. बाई हसल्या.’ याचं एक रूप असं होईल: ‘पाऊस आला तसे आम्ही पळत जाऊन शाळेच्या पडवीत थांबलो, तर पडवीच गळत होती. बाई हसल्या.’ धावपळ एका श्वासात आली, ‘तर’ने फजिती आणली आणि बाईंचं हसणं वेगळं राहिलं म्हणून ते ऐकू आलं. तेही जोडलं असतं तर बुडालं असतं. म्हणजे काय जोडायचं याइतकंच काय सुटं ठेवायचं हेही शिकवावं लागतं. ‘ऊन’ वापरताना मुलं एक चूक हमखास करतात: ‘पाऊस येऊन आम्ही पळालो.’ ऊनच्या साखळीत करणारा सहसा एकच असतो. पाऊस आला आणि पळालो आम्ही, म्हणून इथे ‘पाऊस आल्यावर’ हवं. हा नियम सांगितला की मुलं विसरतात. स्वतःच्या वाक्यात तो मोडलेला सापडला की विसरत नाहीत.

मिश्र वाक्याबद्दल मला थोडी काळजी वाटते. ‘तो मुलगा, ज्याने काल काच फोडली, आज आला नाही’ अशी वाक्यं आता वह्यांत सर्रास दिसतात, कारण मुलांच्या कानावर अनुवादित बातम्या आणि अनुवादित पाठ फार पडतात. मराठीचा ओघ ‘ज्याने काल काच फोडली तो मुलगा आज आला नाही’ असा आहे, किंवा थेट ‘काल काच फोडणारा मुलगा आज आला नाही’ असा. आधी ‘जो’ने ओळख, मग ‘तो’ने हकीकत. म्हणींचा सांगाडाही हाच आणि कहाण्यांचाही. तो मुलांच्या कानात आहे, फक्त हातात यायचा आहे.

कानातलं हातात आणायचं तर वाचून दाखवावं लागतं, आणि काय वाचून दाखवायचं याची निवड महत्त्वाची. लक्ष्मीबाई टिळकांना शाळा मिळाली नव्हती, लिहा-वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मधलं वाक्य बोलता बोलता लिहिल्यासारखं आहे आणि त्यात कुठेही अडखळणं नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मध्ये आखूड वाक्यांतून अख्खा माणूस उभा राहतो. दोन्हींतलं एकेक पान घेऊन मुलांना क्रियापदांखाली रेघा मारायला लावाव्यात. मोठे लेखक विशेषणांवर किती कमी भिस्त ठेवतात हे त्यांना आपोआप दिसतं. अलंकारिक उतारे पाठ करून घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

इथे घरच्या बोलीचा प्रश्न येतोच. सोलापूर-लातूरकडचा मुलगा ‘मी काम केलो’ म्हणतो आणि वहीत तसंच लिहितो. प्रमाण मराठीत क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, म्हणून ‘मी काम केलं’. त्याच्या बोलीत ते कर्त्याप्रमाणे चालतं. तीही एक व्यवस्थाच आहे, फक्त वेगळी. त्यावर लाल फुली मारली की मुलगा एक रूप सोडतो आणि त्याबरोबर लिहिण्याचा धीरही सोडतो. त्याऐवजी त्याला दोन जागा द्याव्यात. निवेदन प्रमाण मराठीत, आणि पात्र बोलेल तेव्हा बोलीत. मग तोच मुलगा वर्गातला सगळ्यांत चांगला संवाद लिहितो, कारण त्याच्याकडे दोन भाषांचे सूर आहेत आणि त्यांतला फरक त्याला माहीत आहे. डहाणूजवळच्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांमध्ये काम केलं तेव्हाही मुलाच्या परिसरापासून सुरुवात करायची, हेच त्यांनी धरून ठेवलं होतं.

विषय कुठला द्यावा, यावरही लेखनाची पातळी ठरते. ना. सी. फडक्यांनी ‘प्रतिभासाधन’मध्ये कथा-कादंबरीच्या तंत्राची सविस्तर चर्चा केली. त्यांची मुलगी लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि मुलांच्या स्वतःच्या अनुभवाला शिकण्याच्या मध्यभागी आणलं. तंत्र आणि अनुभव या दोन्हींची गरज आहे. पण शाळेत मी क्रम अनुभवाला आधी देईन, आणि त्यासाठी एकच दाखला पुरेसा आहे. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. वय अवघं चौदा, जात मांग, शाळा जोतीराव-सावित्रीबाईंची, शिक्षण तीनेक वर्षांचं. मांग-महारांच्या दुःखाविषयी ती लिहिते तेव्हा इमारतींच्या पायात माणसं पुरली जात होती ते सांगते, बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नसतं ते सांगते, आणि वेद ज्यांचे असतील ते त्यांचे, मग आमचा धर्म कोणता, असा सवाल करते. तिची प्रश्नार्थक वाक्यं केवळ अलंकार म्हणून आलेली नाहीत, त्यांना खरंच उत्तर हवं आहे. आपल्या आजच्या निबंधांत ‘खरंच, किती सुंदर असतो ना पाऊस?’ असे प्रश्न येतात, ज्यांचं उत्तर कुणालाच नको असतं. फाटक्या पुस्तकाचं मनोगत मुलांना जरूर लिहू द्यावं. पण त्याआधी घरातलं पाणी कोण भरतं, मामाने गाव का सोडलं, शेजारच्या घराला कुलूप कधीपासून आहे, असे विषय द्यावेत. यांत सांगण्यासारखं काही असतं म्हणून वाक्याला काम मिळतं.

दृष्टिकोनाचा धडा लवकर होतो. एसटी चुकली, एवढाच प्रसंग. एकाने तो कंडक्टर होऊन सांगायचा, एकीने परीक्षेला निघालेली मुलगी होऊन, एकाने स्टँडवरचा चहावाला होऊन. ‘चुकली’ हे क्रियापद मुलीच्याच गोष्टीत येतं. कंडक्टरसाठी गाडी वेळेवर सुटली आणि चहावाल्यासाठी नेहमीसारखी गेली. शेवटांबद्दल मी एकच सराव सुचवेन: गोष्ट पूर्ण झाली की शेवटची दोन वाक्यं झाकून ती वाचायची. ‘आणि मी झोपेतून जागा झालो’ किंवा ‘यावरून आपल्याला असा बोध मिळतो’ हे झाकलं गेलं की बहुतेक गोष्टी आधीच संपलेल्या निघतात.

राहिली वही तपासण्याची रीत. पहिल्या खर्ड्यावर ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा करू नयेत. मूल पान उघडतं, लाल शाई पाहतं आणि वाचायचं थांबतं. पहिल्या खर्ड्यात शिक्षकाने एकच वाक्य निवडावं, शक्यतो सगळ्यांत चांगलं, आणि त्याच्यापुढे एक प्रश्न लिहावा: ‘बाई का हसल्या?’ किंवा ‘कप कुणी फोडला?’ दुसरा खर्डा त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी लिहिला जातो. तो मुलाने स्वतः मोठ्याने वाचायचा, आणि जीभ जिथे अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. बहुतेकदा तिथे क्रियापद फार लांब गेलेलं असतं, किंवा ‘ऊन’ने दोन वेगळी माणसं एका दावणीला बांधलेली असतात. व्याकरणाचं नाव तेव्हा सांगावं, कारण आता मुलाला त्या नावाची गरज आहे. शुद्धलेखन तिसऱ्या खर्ड्यात पाहावं, गोष्ट दुसऱ्या कुणाला वाचायला द्यायची ठरल्यावर.